सूर्य मंदावला तर?

प्रास्ताविक

पृथ्वीवरील जीवसृष्टी सूर्याच्या आधारावर उभी आहे, हे विधान आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकांपासून वाचत आलेलो असतो. वारंवार ऐकल्यामुळे ते खरे वाटते, परंतु त्याचा नेमका अर्थ मनावर ठसत नाही. एखाद्या गोष्टीचे मोल जाणून घ्यावयाचे असेल तर ती गोष्ट नाहीशी झाली, अथवा थोडी उणी झाली, तर काय होईल असा प्रश्न विचारून पाहावा, ही विज्ञानाची एक जुनी आणि उपयुक्त रीत आहे. प्रस्तुत लेखात आपण सूर्याविषयी हाच प्रश्न विचारणार आहोत.

हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. सूर्य अकस्मात पार विझला तर काय होईल, हा त्याचा पहिला प्रकार. तो केवळ कल्पनेचा विषय आहे. तथापि त्यातून पृथ्वीच्या व्यवहाराची पुष्कळ माहिती मिळते. सूर्याचे तेज शंभरांत एकदोन भागांनीच उणे झाले तर काय होईल, हा दुसरा प्रकार. तो मात्र निव्वळ कल्पनेचा नाही. असे प्रसंग पृथ्वीवर घडून गेले आहेत, आणि सूर्याचा काहीही दोष नसताना मनुष्याच्या हातून ते पुन्हा घडू शकतात. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेतीशी आणि आपल्या पावसाशी निगडित आहे.

उष्णतेचा जमाखर्च

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर फळीवर, सूर्याची सुमारे १,३६१ वॅट एवढी ऊर्जा सतत पडत असते. पृथ्वी गोल असल्यामुळे आणि तिच्या अर्ध्या भागावर नेहमी रात्र असल्यामुळे ही ऊर्जा सगळ्या पृष्ठभागावर सारखी वाटली, तर दर चौरस मीटरच्या वाट्यास सुमारे ३४० वॅट येतात. त्यांपैकी सुमारे तीस टक्के ढग, हिम, वाळू इत्यादींवरून परावर्तित होऊन अवकाशात परत जातात. उरलेले सुमारे २४० वॅट पृथ्वी शोषून घेते. हा झाला जमेचा रकाना.

खर्चाचा रकाना असा. प्रत्येक उष्ण वस्तू उष्णतेचे किरण बाहेर टाकीत असते. हे किरण अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु चुलीवरून उतरविलेल्या तव्याजवळ हात नेला म्हणजे त्यांची जाणीव होते. पृथ्वीही असेच किरण रात्रंदिवस अवकाशात टाकीत असते. जमा आणि खर्च समान झाले म्हणजे तापमान स्थिर राहते. २४० वॅट बाहेर टाकण्यास पुरेल असे तापमान गणिताने काढले, तर ते शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस येते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान शून्यावर सुमारे १५ अंश आहे. हा ३३ अंशांचा फरक वातावरणातील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आदी वायूंमुळे पडतो. घोंगडी ज्याप्रमाणे अंगची ऊब अडवून धरते, त्याप्रमाणे हे वायू बाहेर जाणारी उष्णता काही काळ अडवून धरतात. मात्र घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, हे विसरता कामा नये. ऊब मुळात सूर्याची आहे.

पृथ्वीच्या पोटातही उष्णता आहे, मग ती आपल्याला तारणार नाही काय, अशी शंका येणे साहजिक आहे. ज्वालामुखी आणि उन्हाळी, म्हणजे उष्ण पाण्याचे झरे, तिची साक्ष देतात. परंतु भूगर्भातून पृष्ठभागावर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी एका वॅटच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडी कमी भरते. सूर्याकडून मिळणारी ऊर्जा तिच्या अडीच हजार पटींहून अधिक आहे. तात्पर्य, पृथ्वीच्या घरात येणारी जवळजवळ सगळी मिळकत एकाच धन्याची आहे.

सूर्य अकस्मात विझला तर

आता अशी कल्पना करू की, सूर्याचे वस्तुमान आहे तसे राहिले, पण प्रकाश मात्र एका क्षणी बंद झाला. पहिली आठ मिनिटे आणि सुमारे वीस सेकंद आपल्याला काहीच कळणार नाही. कारण सूर्यप्रकाशाला पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास तेवढा अवधी लागतो. त्यानंतर आकाश एकदम काळे होईल आणि तारे दिसू लागतील. त्या वेळी जगाच्या ज्या भागात पौर्णिमेची रात्र असेल, तेथील लोकांना चंद्र आणखी अडीच सेकंद दिसेल व मग तोही लोपेल. कारण चांदणे हे सूर्याचेच परावर्तित ऊन होय. गुरूसारखा दूरचा ग्रह मात्र तासाभराहून अधिक काळ पूर्ववत चमकत राहील, कारण सूर्याकडून गुरूपर्यंत व तेथून आपल्यापर्यंतचा प्रकाशाचा प्रवास तेवढा लांबचा आहे. वस्तुमान कायम असल्यामुळे पृथ्वी आपल्या कक्षेत पूर्वीप्रमाणेच फिरत राहील. वर्ष राहील, परंतु ऋतू राहणार नाहीत.

मग थंडी किती वेगाने वाढेल? याची थोडीशी कल्पना आपल्याला रोजच्या रात्रीवरून येते. राजस्थानच्या वाळवंटात निरभ्र रात्री काही तासांतच हवा झपाट्याने थंड होते, आणि समुद्रकाठच्या मुंबईत किंवा चेन्नईत तेवढ्याच वेळात थोडाच फरक पडतो. वाळू उष्णता पटकन सोडते. समुद्राचा साठा मोठा असल्यामुळे तो ती सावकाश सोडतो. पृथ्वीवरील हवेचे सरासरी तापमान पहिल्या दिवसांत दररोज सुमारे एकदोन अंशांनी उतरेल. खंडांच्या अंतर्भागात याहून पुष्कळ लवकर, समुद्रकिनारी याहून सावकाश. एका आठवड्याच्या सुमारास बहुतेक खंडांतर्गत प्रदेशांत पाणी गोठू लागेल.

दीर्घ रात्रीचा एक नैसर्गिक प्रयोग दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात दरवर्षी होत असतो. ध्रुवावर सूर्य मार्च महिन्यात मावळतो तो सहा महिन्यांनीच उगवतो. अंटार्क्टिकावरील व्होस्टोक या ठाण्यात २१ जुलै १९८३ रोजी शून्याखाली ८९.२ अंश एवढे तापमान मोजले गेले. सहा महिन्यांच्या अंधारातही तापमान याहून फारसे खाली का जात नाही? कारण जगाच्या उष्ण भागांतून वाहत येणारी हवा ध्रुव प्रदेशाला सतत थोडी ऊब पुरवीत असते. सर्व पृथ्वीवरच रात्र झाली तर ऊब पुरविणारा असा शेजारी कोणीच उरणार नाही.

समुद्राचे आणि हवेचे गोठणे

समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे शून्याच्या सुमारे दोन अंश खाली गोठते. बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे तो तळाशी न जाता वर तरंगतो, आणि उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे खालच्या पाण्यावर झाकणासारखे काम करतो. म्हणून पृष्ठभागावर बर्फाचा थर लवकर धरला, तरी तो जसजसा जाड होईल तसतशी त्याची वाढ मंदावेल. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३.७ किलोमीटर आहे. एवढे पाणी गोठण्यास सहस्रावधी वर्षे लागतील, आणि तळातील उष्ण झऱ्यांच्या आसपास ते त्याहूनही दीर्घकाळ द्रवरूप राहू शकेल.

हवेची गत याहून विलक्षण होईल. प्रथम हवेतील वाफ धुके, पाऊस आणि हिम होऊन खाली येईल. ही वाफ उष्णता अडविणाऱ्या घोंगडीचा मोठा भाग असल्यामुळे ती गेल्यावर उरलेली उष्णता अधिक सहज निसटेल. पुढे कार्बन डायऑक्साइडचेही हिम पडेल. तापमान शून्याखाली १९० अंशांच्या पलीकडे गेले की खुद्द हवाच द्रवरूप होऊन पावसासारखी पडू लागेल, आणि आणखी खाली गेल्यावर ती घट्ट होईल. पृथ्वीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवेचा भार आहे. ती सगळी गोठली तर साधारण ९–१० मीटर जाडीचा एक थर होईल. केवळ भूगर्भाच्या उष्णतेवर जगणाऱ्या अशा पृथ्वीचे तापमान शेवटी शून्याखाली सुमारे २३८ अंशांवर स्थिरावेल, असे साध्या गणिताने दिसते.

अन्नाची साखळी

तथापि मनुष्याचा नाश होण्यास हवा गोठेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करतात. प्रकाश बंद होताच ही क्रिया त्याच क्षणी थांबेल. लहान रोपे काही दिवसांत वा आठवड्यांत मरतील. मोठ्या वृक्षांच्या खोडांत व मुळांत साठविलेले अन्न त्यांना काही काळ पुरले असते, परंतु थंडी त्यांना तेवढा अवसर देणार नाही. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. त्या मेल्या की त्यांवर जगणारे लहान जीव, त्यांना खाणारे मासे, अशी साखळी खालून वर तुटत जाईल.

जगातील धान्याचा एका वेळचा शिल्लक साठा वर्षाच्या गरजेच्या साधारण तीस टक्के, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आसपास पुरेल एवढा असतो. याउलट, प्राणवायू संपून आपण गुदमरू ही भीती निराधार आहे. वातावरणातील प्राणवायूचा साठा इतका प्रचंड आहे की, वनस्पतींनी त्यात नवी भर घातली नाही तरी सहस्रावधी वर्षे तो श्वसनास अपुरा पडणार नाही. सूर्य विझला तर मनुष्य गुदमरून मरणार नाही. थंडी आणि भूक या दोन वाटांनी त्याचा अंत होईल.

अशा अंधाराचा अल्पसा अनुभव जीवसृष्टीने एकदा घेतला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाजवळ एक अजस्र अशनी आदळला. धूळ, काजळी आणि गंधकाचे कण यांनी आकाश दीर्घकाळ झाकोळून टाकले. प्राणी व वनस्पती यांच्या सुमारे तीनचतुर्थांश जाती त्या सुमारास नष्ट झाल्या. डायनोसॉरही त्यांतच गेले, त्यांची पक्षिरूप शाखा तेवढी वाचली. सह्याद्रीचे काळे कातळ ज्या लाव्हारसापासून बनले तो लाव्हारसही त्याच युगात उसळत होता, आणि या संहारातील त्याचा वाटा किती याचा विचार भूवैज्ञानिक अजूनही करीत आहेत. कोण वाचले हे पाहिले तर बोध होतो. लहान शरीराचे, बिळांत वा गोड्या पाण्यात राहणारे, आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर किंवा बियांवर निर्वाह करणारे प्राणी तुलनेने अधिक तरले. ज्याचे अन्न त्याच दिवशीच्या उन्हावर अवलंबून नव्हते, तो तगला.

सूर्यावाचून जगणारे

सूर्याशिवाय जीवन अशक्यच आहे काय? १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी, जेथे प्रकाशाचा कण पोहोचत नाही तेथे, उष्ण झऱ्यांभोवती जीवांची दाट वस्ती आढळली. तेथील जिवाणू झऱ्यांतून येणाऱ्या रसायनांपासून ऊर्जा मिळवितात आणि त्यांच्या आधारावर मोठे कृमी व शिंपले जगतात. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे कृमी आणि शिंपले पाण्यात विरघळलेला जो प्राणवायू वापरतात, तो वरच्या जगातील वनस्पतींनी सूर्यप्रकाशात निर्माण केलेला असतो. म्हणजे तेही सूर्याचे दूरचे आश्रितच होत.

यांहून खरे स्वावलंबी जीव खडकांच्या पोटात सापडले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत सुमारे २.८ किलोमीटर खोलीवर असे जिवाणू आढळले की, जे किरणोत्सर्गामुळे पाण्यापासून सुटणाऱ्या हायड्रोजनवर निर्वाह करतात. महाराष्ट्रात कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी जमिनीत खोल छिद्रे घेण्यात आली. तेथील खोल खडकांच्या नमुन्यांतही सूक्ष्म जीवांचा माग लागला आहे. सूर्य विझला तरी अशा जीवांना त्याची वार्ता लवकर लागणार नाही. पृथ्वी अगदी निर्जीव होणार नाही, परंतु डोळ्यांना दिसेल असे फारसे काही तिच्यावर उरणार नाही.

सूर्य थोडासाच मंदावला तर

आता आपण दुसऱ्या, अधिक व्यवहारी प्रश्नाकडे वळू. सूर्याचे तेज एक टक्क्याने कायमचे उणे झाले असे समजा. उष्ण वस्तूच्या प्रारणाचा नियम असा आहे की, ऊर्जा एक टक्क्याने घटली तर निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमान सुमारे पाव टक्क्याने घटते. पृथ्वीच्या बाबतीत हा पाव टक्का म्हणजे सुमारे ०.६ अंश होतो. वाफ कमी होणे, हिम वाढणे इत्यादी अनुषंगिक परिणाम धरले, तर ही घट एक अंशाहून अधिक भरते.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ आणि जुलैत अधिक दूर असते; त्यामुळे मिळणाऱ्या उन्हात दरवर्षीच सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो; मग एका टक्क्याची एवढी काळजी कशासाठी? उत्तर असे की, वर्षभरात ही तूट आणि ही वाढ एकमेकींना भरून काढतात, आणि समुद्राचा मोठा साठा मधले चढउतार सोसतो. कायमची तूट मात्र कधीच भरून निघत नाही. घरात एखाद्या महिन्यात खर्च वाढणे निराळे आणि मिळकतच कायमची घटणे निराळे.

एक अंश ही घट क्षुल्लक वाटेल. इतिहास मात्र वेगळे सांगतो. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा भीषण स्फोट झाला. त्यातून उसळलेला गंधकयुक्त वायू ढगांच्याही वर, स्थितांबरात पोहोचला आणि तेथे त्याच्या सूक्ष्म कणांचा पातळ पडदा पृथ्वीभोवती पसरला. जगाचे सरासरी तापमान अंदाजे अर्ध्या अंशाने उतरले. त्याचा परिणाम म्हणून १८१६ हे वर्ष युरोप-अमेरिकेत 'उन्हाळा नसलेले वर्ष' म्हणून प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात हिम पडले, पश्चिम युरोपात पिके बुडाली व धान्य महागले. १५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा शास्त्रज्ञांजवळ उपग्रह होते. त्या वेळीही जगाचे तापमान पुढील वर्षी सुमारे अर्ध्या अंशाने घटलेले मोजता आले.

थंडीच्या आधी दुष्काळ

भारतासारख्या उष्ण देशाला अर्ध्या-एक अंशाच्या थंडीचे भय ते काय, असे कोणास वाटेल. आपल्यावरचे संकट थंडीचे रूप घेऊन येणार नाही. भूपृष्ठ जेवढे ऊन शोषते त्यापैकी जवळजवळ निम्मे पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाऊस हे या उन्हाचेच फळ होय. ऊन उणे झाले की समुद्रावरून उठणारी वाफ उणी होते. शिवाय उन्हाळ्यात भारताची भूमी समुद्रापेक्षा अधिक तापते, आणि या तफावतीच्या बळावर समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे देशात ओढले जातात. ऊन मंदावल्यास जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तफावत घटते आणि मोसमी वारे दुबळे पडतात.

पिनातुबोच्या उद्रेकानंतरच्या वर्षभरात जगातील जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचे पाणी या दोहोंत घट झाल्याची नोंद आहे. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी येथे ज्वालामुखीच्या भेगा फुटल्या. त्या वर्षी आफ्रिकेतील पाऊस कमी होऊन नाईल नदीचा पूर तोकडा पडला, आणि इजिप्तमध्ये दुष्काळ ओढवला. आपल्या देशात वर्षाच्या पावसाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि देशातील जवळजवळ निम्मी शेती आजही या पावसाच्या भरवशावर आहे. म्हणून उत्तरेकडील देशांत मंद सूर्याचा अर्थ पिकांवर पडलेले दहिवर असा होईल, तर विदर्भातील किंवा बुंदेलखंडातील शेतकऱ्यासाठी त्याचा अर्थ न आलेला पाऊस असा होईल.

बर्फाचे दुष्टचक्र

सूर्य आणखी मंदावला तर एक नवीनच धोका उभा राहतो. समुद्राचे गडद पाणी त्यावर पडलेल्या उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेते. ताजे हिम मात्र त्याचा बहुतेक भाग परत फेकते. थंडीने हिम पसरले की ऊन अधिक परावर्तित होते, त्यामुळे थंडी वाढते, आणि थंडीमुळे हिम आणखी पसरते. १९६९ साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको आणि अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम सेलर्स यांनी स्वतंत्रपणे या चक्राचे गणित मांडले. सूर्याच्या तेजात थोड्याच टक्क्यांची घट झाली तरी बर्फ विषुववृत्तापर्यंत पोहोचेल, असे त्यांस आढळले. नंतरच्या अधिक सूक्ष्म गणितांत याहून मोठी घट लागते असे दिसून आले, परंतु चक्राचे तत्त्व कायम राहिले.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. सुमारे ७२ कोटी ते ६३ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी निदान दोन वेळा जवळजवळ संपूर्ण हिमाच्छादित झाली होती, असे त्या काळच्या खडकांवरून अनुमान निघते. त्या वेळी विषुववृत्ताजवळ असलेल्या भूभागांवर समुद्रसपाटीला हिमनद्यांनी वाहून आणलेले दगडगोटे आढळतात. तेव्हाचा सूर्य आजच्याहून सुमारे सहा टक्के मंद होता. त्या बर्फातून पृथ्वीला सोडविले ते ज्वालामुखींनी. त्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड लक्षावधी वर्षे वातावरणात साठत गेला आणि घोंगडी पुरेशी जाड झाल्यावर बर्फ वितळला.

यावरून आणखी एक कोडे उभे राहते. तारे वयाबरोबर हळूहळू अधिक तेजस्वी होतात. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्याहून सुमारे तीस टक्के मंद होता. तरीही अतिप्राचीन खडकांत वाहत्या पाण्याच्या खुणा सापडतात. कार्ल सेगन आणि जॉर्ज मलेन यांनी १९७२ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले. त्या काळी उष्णता अडविणारे वायू वातावरणात अधिक असावेत, हे तिचे सर्वसाधारणपणे मान्य असलेले उत्तर होय. तात्पर्य, पृथ्वीची ऊब केवळ सूर्यावर नव्हे, तर सूर्य आणि घोंगडी या दोहोंच्या मेळावर अवलंबून आहे.

सूर्य खरोखर विझेल काय?

सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते, आणि त्यात सुमारे ४० लक्ष टन वस्तुमान ऊर्जारूप होऊन बाहेर पडते. ही भट्टी आज बंद पडली असे मानले, तरी सूर्य उद्या विझणार नाही. गाभ्यातील ऊर्जेला पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास सहस्रावधी वर्षे लागतात. त्यानंतरही सूर्य आकुंचन पावत जाऊन काही कोटी वर्षे प्रकाशत राहील, हे हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते.

मग भट्टी चालू आहे हे आपणास कसे कळते? न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण गाभ्यातून निघून कशालाही न अडखळता आठ मिनिटांत येथे येतात. रेमंड डेव्हिस यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका खोल खाणीत ते मोजण्यास आरंभ केला, तेव्हा अपेक्षेच्या सुमारे तिसरा हिस्साच कण आढळले. सूर्याचा गाभा मंदावला की काय, अशी शंका तेव्हा गंभीरपणे विचारली गेली. २००१ व २००२ साली कॅनडातील सडबरी येथील प्रयोगांनी तिचे निरसन केले. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि जुन्या उपकरणांना बदललेले प्रकार दिसत नव्हते, असे सिद्ध झाले. भट्टी यथास्थित चालू आहे.

१९७८ सालापासून उपग्रहांनी केलेल्या मोजमापांवरून दिसते की, सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात त्याचे तेज केवळ हजारात एक भाग एवढेच कमीअधिक होते. दीर्घकाळात तर सूर्य उजळतच आहे. दर १०० कोटी वर्षांत तो सुमारे दहा टक्के अधिक प्रखर होतो, आणि येत्या १०० कोटी वर्षांच्या सुमारास समुद्र आटू लागण्याइतकी उष्णता होईल. सुमारे ५०० कोटी वर्षांनंतर तो फुगून तांबडा राक्षसी तारा बनेल आणि अखेरीस पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेतबटू तारा होऊन हळूहळू निवत जाईल. ज्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून कमी असते, तोच श्वेतबटू म्हणून टिकू शकतो, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी तरुणपणी केलेल्या गणिताने दाखविले. १९८३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपला सूर्य या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

मनुष्याने धरलेली छत्री

सूर्य आपणहून मंदावणार नाही हे खरे. परंतु त्याचे ऊन जमिनीपर्यंत कमी पोहोचावे, असे मनुष्य करू शकतो, नव्हे करीतच आहे. कोळसा, डिझेल आणि लाकूड यांच्या धुरातील कण ऊन अडवितात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या अनेक भागांत जमिनीवर पडणारे ऊन घटल्याचे मोजमापांवरून आढळले. भारतातील वेधशाळांच्या नोंदींतही अशी घट दिसते. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून समुद्रावर पसरणारा धुरकट पडदा आणि त्याखाली घटलेले ऊन यांची नोंद झाली. असा पडदा मोसमी पावसावरही परिणाम करतो.

याहून गंभीर अशी एक योजना विचाराधीन आहे. इंधनांच्या ज्वलनाने कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापत आहे. तेव्हा ज्वालामुखीचे अनुकरण करून स्थितांबरात गंधकाचे कण सोडावे आणि थोडे ऊन परत पाठवावे, अशी सूचना बुडिको यांनी १९७४ च्या सुमारास केली, आणि २००६ साली पॉल क्रुटझेन यांच्या लेखामुळे तिची पुन्हा गांभीर्याने चर्चा सुरू झाली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने येणारी उष्णता परतविण्यास सुमारे दोन टक्के ऊन अडवावे लागेल. जमाखर्चाच्या दृष्टीने हे गणित जमते. परंतु वाफ करण्याच्या कामी ऊन आणि घोंगडीची ऊब यांचा प्रभाव सारखा नाही. तापमान मूळपदावर आणले, तरी पाऊस मूळपदावर येईलच असे नाही. तो उणा होण्याचा संभव अधिक. शिवाय कण काही वर्षांत खाली बसतात. त्यामुळे हा पडदा सतत नवा करीत राहावे लागेल, आणि तो एकाएकी थांबविल्यास दडलेली उष्णता थोड्या वर्षांत उसळून येईल.

उपसंहार

सूर्य पार विझण्याची चिंता करण्याचे कारण नाही. निदान मनुष्यजातीच्या आयुष्यात तरी नाही. या विचारातून मिळणारा धडा वेगळा आहे. पृथ्वीचे तापमान, तिचा पाऊस आणि तिचे अन्न एका बारीक समतोलावर उभे आहेत, आणि त्या समतोलात शंभरांत एखाद्या भागाचा बदल झाला तरी कोट्यवधी लोकांच्या ताटातील घास कमी होऊ शकतो. पृथ्वीवर ऊन किती पडू द्यावे याचा निर्णय घेण्याची शक्ती आता मनुष्याच्या हाती येऊ पाहत आहे. तो निर्णय कोणत्याही एका देशाने किंवा एका पिढीने एकट्याने घ्यावा असा नाही. ज्यांचे पीक पावसावर अवलंबून आहे, त्यांचे मत त्यात सर्वांआधी विचारले गेले पाहिजे. आणि ते मत जाणतेपणी देता यावे यासाठी हा जमाखर्च प्रत्येक सुशिक्षित नागरिकास ठाऊक असणे अवश्य आहे.